चौथ्या दिवशीचं पाणी

ज्या पहाटे नळाला पाणी आलं
त्याच पहाटे कंपनीचा फोन आला.
घागर तोटीखालीच ठेवून मी धावले.
ती भरून वाहत राहिली
विडी घरकुलच्या गल्लीभर,
आणि कुणी ओरडलं नाही.

यादगिरी, माझा तम्मुडू,
इंजिनाला तेल पाजणारा,
जहाजाच्या पोटात बावीस जणांसोबत
पोलादी दार आतून लावून बसलाय
आणि वर डेकवर बंदुका घेऊन कुणीतरी फिरतंय.
एवढं कळलं. बाकी इंग्रजी होतं.

आमच्यात समुद्र कुणी पाहिलेला नाही.
पाणी म्हणजे सिद्धेश्वराचा तलाव,
पाणी म्हणजे उजनीची पाइप,
चार दिवस ड्रमात झाकून ठेवायचं ते.
एवढं उघडं पाणी पडलंय तिकडे,
तर राखण कुणाची?
विचारलं मी कुटिन्होबाईंना, कंपनीतल्या.
त्या हळूहळू सांगत गेल्या, आणि मी
तेंदूच्या पानावर कात्रीच्या टोकानं कोरत गेले :
झेंडा पनामाचा. मालक ग्रीसचा.
तांदूळ थायलंडचा, विमा लंडनचा,
कप्तान युक्रेनचा, स्वयंपाकी फिलिपिन्सचा,
तेलवाला सोलापूरचा.
पान संपलं.
अम्मा म्हणाली, एवढ्या जणांचं पोर
कुणाचंच नसतं.

नाना तेव्हा काही बोलले नाहीत.
चौतीस वर्षं मागावर काढली त्यांनी,
कान गेलेत, ओठ बघून ऐकतात.
जेवताना मात्र म्हणाले,
धागा कुणाच्या हातनं तुटला हे विचारत बसलं
तर माग थांबतो.
आधी सांधायचा. भांडायचं पाळी सुटल्यावर.

तसंच काहीसं झालं म्हणायचं.
कुठल्याशा देशातल्या कुठल्याशा खोलीत
रात्रपाळीच्या माणसानं पहिली हाक ऐकली.
त्यानं दुसऱ्याला सांगितली, दुसऱ्यानं तिसऱ्याला.
जपानी विमान येऊन घिरट्या घालून गेलं,
स्पॅनिश युद्धनौकेनं तोंड वळवलं,
आपली नौका दोनशे मैलांवरून निघाली,
आणि ज्या दोन देशांचं घरी पटत नाही
त्यांचे अधिकारी एकाच नकाशावर
बोट ठेवून बोलत होते, असं बाई म्हणाल्या.
मी ते अम्माला दोनदा सांगितलं.
तिसऱ्यांदा तिनं मला सांगितलं.

एकतीस तास.
हजार विड्यांच्या जागी माझ्या सहाशे झाल्या,
त्यातल्याही साठ चेकरनं बाजूला टाकल्या.
दोरा सैल, म्हणाला. असेल.

मग त्याचा आवाज आला. अक्का.
दार बाहेरून वाजलं तेव्हा उघडलं नाही म्हणे,
ठरलेला शब्द ऐकू आल्यावरच उघडलं.
ज्यानं हात धरून वर काढलं
त्याची भाषा याला कळली नाही,
पण त्यानं खांद्यावर टॉवेल टाकला.
मी म्हटलं, आपला होता का रे, सोलापूरचा?
हसला. नाही अक्का,
पातळ होता, कडा उसवलेली.
आपला असता तर मी परत दिला नसता.

आणि मग, कुणी न विचारता, त्यानं सांगितलं :
पाच जण धरले. त्यातला एक
आपल्या श्रीशैलएवढा, अकरावीतल्या.
कमरेला मासे बांधायची दोरी,
पायात दोन वेगवेगळ्या चपला.
माझ्यासमोरच बसवला होता.
रात्री यानंच ओरडून दारावर गोळ्या झाडल्या,
आणि सकाळी पाणी मागताना
त्याचा आवाज फुटत होता.
मी दिलं पाणी. का दिलं, विचारू नको.

त्याला कुठल्या देशाच्या कोर्टात उभं करायचं
ते ठरायचंय अजून. कागद फिरतायत.
जे वाचवायला एका रात्रीत जमले
त्यांना शिक्षेसाठी जमायला वेळ लागतो.

अम्मानं फोन माझ्या हातातून घेतला.
वाटलं, रडेल. जेवलास का, विचारेल.
तिनं विचारलं,
त्या पोराच्या आईला
कुणी फोन केला का?

यादगिरीला ठाऊक नव्हतं.
दुसऱ्या दिवशी मी कुटिन्होबाईंना विचारलं.
त्या जरा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या,
त्याच्या भाषेचा माणूस
अजून मिळालेला नाही.